हॉवर्ड्‌स पास की प्रेअरी क्रीक : प्रबंधासाठी जस्त-शिशाचा कोणता साठा निवडावा?

नाशिकमध्ये राहून भूशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पायाखाली सगळीकडे दख्खनचा बेसॉल्टच असतो. त्यामुळे जस्त, शिसे आणि चांदीच्या साठ्यावर प्रबंध लिहायचा असेल, तर दूरचा साठा निवडून प्रकाशित अहवालांच्या आधारे काम करावे लागते. वायव्य कॅनडातील हॉवर्ड्‌स पास आणि प्रेअरी क्रीक हे दोन साठे अशा कामासाठी विचारात घेण्याजोगे आहेत. दोन्ही अनेक दशकांपासून माहीत असले तरी तिथे नियमित उत्पादन सुरू होऊ शकलेले नाही. त्यांची भूरचना मात्र इतकी वेगळी आहे की निवड करताना केवळ साठ्याचा आकार पाहणे पुरेसे ठरणार नाही.

हॉवर्ड्‌स पास युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांच्या सीमेवर, सेल्विन द्रोणीत आहे. त्याचा शोध १९७२ मध्ये लागला. सिल्युरियन काळातील (सुमारे ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या) कार्बनयुक्त काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) आणि गॅलेना (शिशाचे सल्फाइड) अतिशय बारीक, पातळ थरांच्या रूपात आढळतात, आणि अशा साठ्यांची साखळी सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत पसरली आहे. धातूंनी भारलेले क्षारयुक्त पाणी समुद्रतळावर बाहेर पडले आणि खनिजे गाळाबरोबरच साचली, असे पूर्वी मानले जाई; अलीकडच्या अभ्यासांतून मात्र तळाखालच्या ओल्या गाळातच ती तयार झाली असावीत, असा पर्याय पुढे आला आहे. पुढे पर्वतनिर्मितीच्या काळात या थरांना घट्ट वळ्या पडल्या आणि काही धातुके जागची हलली, त्यामुळे मूळची रचना कोणती आणि नंतरची कोणती हे ठरवणे कठीण जाते. चांदीच्या दृष्टीने या साठ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

प्रेअरी क्रीक नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या मॅकेन्झी पर्वतरांगेत असून त्याच्या सभोवार नाहानी राष्ट्रीय उद्यान आहे. १९२८ मध्ये शोध लागलेल्या या ठिकाणी १९८० च्या सुमारास चांदीचे भाव आकाशाला भिडले असताना भुयारे खोदली गेली आणि धातुक-प्रक्रियेची गिरणीही उभी राहिली; परंतु भाव कोसळले आणि १९८२ मध्ये, उत्पादन सुरू होण्यापूर्वीच, काम बंद पडले. भूशास्त्रीय दृष्टीने येथील खरे वैशिष्ट्य म्हणजे एकाच परिसरात आढळणारे निरनिराळे प्रकार. उत्तर-दक्षिण पसरलेली, भ्रंशाला (खडकातील सरकलेल्या भेगेला) धरून असलेली क्वार्ट्झची मुख्य शीर. खोलवर डोलोमाइट या कार्बोनेट खडकात थराला समांतर भरलेले सल्फाइड. आणि आसपासच्या कार्बोनेट खडकांतील पोकळ्यांत साचलेले जस्त-शिसे, असे तीन प्रकार येथे अभ्यासता येतात. चांदी प्रामुख्याने शिरेतील टेट्राहेड्राइट-टेनँटाइट गटाच्या तांबेयुक्त सल्फाइड खनिजांत असते, आणि त्यांच्यासोबत अँटिमनी, आर्सेनिक व पाराही येतो. शिरेच्या वरच्या भागात हवा-पाण्याच्या परिणामाने स्फॅलेराइटचे स्मिथसोनाइट (जस्ताचे कार्बोनेट) आणि गॅलेनाचे सेरुसाइट (शिशाचे कार्बोनेट) झालेले आहे. ही खनिजे सल्फाइडप्रमाणे सहज वेगळी होत नाहीत, म्हणून धातूचे एकूण प्रमाण वाचताना ते कोणत्या खनिजात आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

नाशिकच्या विद्यार्थ्याने प्रेअरी क्रीक निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण इथल्या दगडात आहे. पांडवलेणी परिसरातील खाणींत बेसॉल्टच्या पोकळ्या नीट पाहिल्या, किंवा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातील नमुन्यांपुढे थोडा वेळ उभे राहिले, तर भिंतीला चिकटलेला हिरवट थर, त्यावर उमललेले स्टिल्बाइटचे स्फटिक आणि त्यांच्याही वर बसलेला अपोफिलाइट असा क्रम पुष्कळदा दिसतो. कोणते खनिज आधी वाढले आणि कोणते नंतर, हे एकमेकांवरच्या बैठकीवरून ठरवण्याची सवय आपल्या डोळ्यांना इथेच लागते. तापमान, द्रव आणि धातू सर्वस्वी वेगळे असले, तरी शिरेचे छायाचित्र किंवा पातळ छेद वाचताना हीच सवय उपयोगी पडते. याउलट काळ्या शेलमधील मिलिमीटरभराचे थर ओळखण्यासाठी गाळाच्या खडकांचा जो सराव लागतो, तो नाशिक परिसरात मिळत नाही.

तुलनेसाठी प्रत्यक्ष खडक पाहायचे असतील, तर राजस्थान गाठावे. उदयपूरजवळच्या झावर येथील धातुक डोलोमाइटमध्ये आहे, त्यामुळे प्रेअरी क्रीकच्या कार्बोनेट खडकांशी निदान आश्रयखडकापुरती (धातुक ज्यात आहे त्या खडकापुरती) तुलना करता येते. भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगूचाचा साठा मूळचा गाळातला मानला जातो. परंतु तीव्र रूपांतरणामुळे तिथे आज ग्रॅफाइटयुक्त शिस्ट व नाइस दिसतात, आणि हॉवर्ड्‌स पासमधील पातळ थर त्यात शोधू पाहणाऱ्याची निराशाच होईल.

माहितीच्या उपलब्धतेतही फरक आहे. प्रेअरी क्रीकच्या मालक कंपनीने शेअर बाजाराच्या नियमांनुसार वर्षानुवर्षे सविस्तर तांत्रिक अहवाल जाहीर केले असून, त्यांत वेधनाच्या नोंदी आणि भूशास्त्रीय छेद आहेत. हॉवर्ड्‌स पास २०१३ पासून पूर्णपणे एका चिनी कंपनीच्या मालकीचे झाले, त्यामुळे तिथे संशोधनपर लेखांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. हे लेख उत्तम आहेत, पण त्यांचा भर पायराइटमधील (लोहाच्या सल्फाइडमधील) अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये आणि समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवर) आहे. ज्याला भूरसायनशास्त्रातच पुढे संशोधन करायचे आहे आणि समुद्रतळावर की तळाखाली या वादात उतरायचे आहे, त्याने मात्र हॉवर्ड्‌स पास घ्यावे आणि विषय एकाच साठ्यातील पायराइटच्या पिढ्यांपुरता, म्हणजे वेगवेगळ्या टप्प्यांत वाढलेल्या पायराइटपुरता, मर्यादित ठेवावा.