क्लास टू मेडिकल, बेंगळूर: जुना टीबी असलेल्यांनी इथं जावं का? (४ स्टार)

मी बेळगावचा, खानापूर रोडला हार्डवेअरचं दुकान. सांबऱ्याच्या विमानतळावरची ट्रेनिंगची छोटी विमानं डोक्यावरनं फिरायला लागली तेव्हापासनं प्रायव्हेट पायलट लायसन्सचा किडा शिरलेला, नोकरीसाठी नाही, नुसती हौस. त्याला क्लास टू मेडिकल, म्हणजे उडायला फिट आहे का याची तपासणी, लागतं आणि ते डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) पॅनलवरच्या डॉक्टरकडनंच करावं लागतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. कमर्शियलवाल्यांना पुढं क्लास वन पण लागतं, ते वेगळं प्रकरण.

माझी अडचण अशी की कॉलेजला असताना, २०११ ला, मला फुफ्फुसाचा टीबी झालेला. सरकारी दवाखान्यातला सहा महिन्यांचा डॉट्सचा कोर्स पूर्ण केला, त्यावेळी आठवड्यातनं तीनदा जाऊन तिथंच बसून गोळ्या गिळायच्या असायच्या. बरा झालो, पण एक्सरेवर उजव्या बाजूला वर एक पांढरा डाग कायमचा राहिला. एका एजंटला फोनवर विचारलं तर म्हणतो, "फॉर्मवर लिहू नकोस की गा, कोण बघतंय?" अरे बाबा, एक्सरे बघणारा डॉक्टर बघतोय की! लपवायचं तरी कुठं, छातीत?

शेवटी सगळं खरं लिहिलं आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरून बेंगळूरला गेलो. आता क्लिनिकबद्दल.

डॉक्टर एक नंबर. वय झालेले, कमी बोलणारे, कन्नडमधनं बोललो तर जरा खुलले. फॉर्म वाचला, टीबीवर पेन टेकवून विचारलं, "जुने कागद आणलेत?" आईनं ट्रीटमेंट कार्ड आणि कोर्स संपल्यावरची एक्सरेची फिल्म ट्रंकेत जपून ठेवलेली. (२०१९ च्या ग्रहणाला घरातल्या पोरांनी त्याच फिल्ममधनं सूर्य बघितलेला. तसं बघू नये, डोळे जातात, पण त्या निमित्तानं फिल्म कुठं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.) डॉक्टरांनी जुनी आणि नवीन फिल्म शेजारी शेजारी लावली आणि बराच वेळ नुसते बघत बसले. डाग तेवढाच, तिथंच. मग सांगितलं की आत्ता चालू असलेला टीबी असेल तर अनफिट, पण बरी झालेली जुनी जखम असेल तर फिट करता येतं, फक्त ती शांत आहे हे दिसायला पाहिजे, आणि त्याला जुन्या फिल्मसारखा साक्षीदार नाही.

तरीपण सीटी स्कॅन आणि फुंकायची टेस्ट, ती पीएफटी, करून आणा म्हणाले. मला राग आला, परत खर्च. तेव्हा त्यांनी समजावलं ते मला आवडलं. टीबीनंतर कधी कधी फुफ्फुसात हवेचे फुगे राहतात. छोट्या विमानात केबिनला प्रेशर नसतं, आठ हजार फुटांवर हवेचा दाब पाव हिश्शानं कमी होतो आणि कुठं अडकून बसलेली हवा जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं फुगते. असा फुगा वर फुटला तर फुफ्फुस बसतं, आणि शेजारी दुसरा पायलट नसतो. गोव्यात घेतलेलं चिप्सचं पाकीट चोर्ला घाट चढून वर आलं की कसं टम्म होतं, तसंच. (चिप्सचं माझं हां, डॉक्टर असलं काही बोलत नाहीत.) माझ्यात फुगा निघाला नाही, पीएफटी पण नॉर्मल.

बाकी रक्त, लघवी, ईसीजी, डोळे, कान सगळं तिथंच. चष्मा असला तरी चालतं, फक्त उडताना जादा चष्मा जवळ ठेवायचा. रंगाची ठिपक्यांची पुस्तकं दाखवतात, त्यात कुणी पाठांतर करून जाऊ नका, उलटसुलट विचारतात. माझ्याबरोबर एकजण होता त्याला इन्सुलिन चालू, त्याला डॉक्टरांनी समोरच सांगितलं की अवघड आहे, उगाच टेस्ट करून पैसे घालवू नका. हे मला पटलं, दुसरा कोण असता तर सगळ्या टेस्ट करून मग सांगितलं असतं.

एक स्टार कापला तो काउंटरसाठी. अपॉइंटमेंट साडेनऊची, आत घेतलं सव्वाबाराला, तोपर्यंत उपाशी कारण रक्त फास्टिंगचं. कानाच्या टेस्टची केबिन पण नीट बंद होत नाही, बाहेर ज्यूसवाल्याचा मिक्सर चालू आणि आत मी बारीक शिट्टी ऐकायला कान टवकारून बसलेलो. दोनदा करावी लागली. बिल विचारलं तर आधी तोंडीच, पावतीसाठी मागं लागावं लागलं.

आणि एक लक्षात ठेवा, डॉक्टरनं फिट म्हटलं म्हणजे झालं असं नाही, रिपोर्ट ऑनलाइन दिल्लीला जातो आणि डीजीसीएचं असेसमेंट आल्यावरच खरं. माझं आलं, फिट, चष्म्याच्या अटीवर. मी कुंदा घेऊन परत जाणार आहे, डॉक्टरांसाठी, काउंटरवाल्यांसाठी नाही.

जुनी फिल्म नेणार असाल तर सपाट पुठ्ठ्यात घालून न्या. मी गुंडाळी करून नेलेली, ती तिथं उघडून सरळ होईना, शेवटी डॉक्टरांनीच दोन्ही कोपरे हातानं दाबून धरले.