कोडबुक घ्यायचं तर विसावं प्रकरण उघडून बघा

आयसीडी-१०-सीएम म्हणजे अमेरिकेत आजारांना आणि जखमांना लावायच्या कोडची यादी. तिचं छापील कोडबुक घ्यावं का, असं आमच्या मेडिकल कोडिंगच्या टीममध्ये नवी आलेली मुलं दर वर्षी विचारतात. विचारणं रास्त आहे, कारण आतला मजकूर फुकट मिळतो. अमेरिकी सरकारच्या एनसीएचएस या आरोग्य आकडेवारी केंद्राच्या संकेतस्थळावर सगळी टॅब्युलर लिस्ट (कोडच्या क्रमाने यादी), इंडेक्स (शब्दावरून कोड शोधायची सूची) आणि गाइडलाइन्स आहेत, हव्या तेव्हा उतरवून घ्या. प्रकाशक पैसे घेतो ते रंगांचे, खुणांचे आणि मांडणीचे. त्यात दर १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात, म्हणजे पुस्तक वर्षभरात जुनं. परदेशातून मागवलं तर खिशाला चांगलाच चटका बसतो.

मी नवी मुंबईत रात्रपाळीला अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, वाचून कोड लावते, हल्ली क्यूएही (इतरांचं काम तपासणं) बघते. गाड्यांच्या अपघातांचे चार्ट रोजचेच. त्यामुळे नवं कोडबुक हातात आलं की मी आधी विसावं प्रकरण उघडते: व्ही०० ते वाय९९, इजेची बाह्य कारणं. मधुमेह आणि रक्तदाबाची पानं सगळेच नीट छापतात. कंजुषी होते ती इथे, कारण या कोडना वेगळे पैसे मिळत नाहीत आणि ते कधीच पहिल्या क्रमांकावर लावता येत नाहीत. देशभर सक्ती असा नियमही नाही. राज्य किंवा विमा कंपनी मागते म्हणून लावायचे. तरी ते वगळून चालत नाही. क्लेमच्या फॉर्मवर १०व्या रकान्यात ‘वाहन अपघात आहे का, कुठल्या राज्यात’ असं विचारलेलं असतं. मान लचकल्याचा कोड गेला आणि ती कशाने लचकली हे गेलं नाही, तर आरोग्य विमावाले ‘आधी गाडीच्या विम्याकडे जा’ म्हणत क्लेम अडकवून ठेवतात.

माझ्याकडची प्रत मोठ्या आकाराची, स्पायरल बाइंडिंगची आहे. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. व्ही विभागाच्या सुरुवातीच्या व्याख्या दोन रंगांत, ऐसपैस छापल्या आहेत. इथे पैसे वसूल. ड्रायव्हर कोण, प्रवासी कोण, ‘ट्रॅफिक’ अपघात कशाला म्हणायचं, सगळं एका नजरेत दिसतं. जागा लिहिलेलीच नसेल तर अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाला असं धरायचं, हे वाक्य कोणीतरी डोकं वापरून ठळक केलंय. (ऑफ-रोड गाड्यांना ते लागू नाही, तेही शेजारीच आहे.) यावर किती चुका वाचतात ते क्यूए करणाऱ्याला विचारा. एक कार दुसऱ्या कारला रस्त्यावर धडकली तर ड्रायव्हरला व्ही४३.५२, तेच मॉलच्या पार्किंगमध्ये झालं तर व्ही४३.०२, आणि जागेसाठी वाय९२.४८१. पोरं पार्किंगलाही ५२ लावून मोकळी होतात.

याच व्याख्यांत ‘गाडीच्या बाहेरचा माणूस’ आहे: टपावर बसलेला, पायरीवर उभा, बाहेरून लटकलेला. मी कराडकडची. वडापच्या जीपला मागे लोंबकळणाऱ्यांची अमेरिकेत बसून सोय केलेली बघून बरं वाटलं. व्ही३० ते व्ही३९ मध्ये चक्क मोटार-रिक्षाही आहे. आमच्या चार्टमध्ये ती यायची नाही, पण आहे.

आता इंडेक्स. हा भाग वाईट आहे, आडपडदा न ठेवता सांगते. ‘अॅक्सिडेंट’खाली ‘ट्रान्सपोर्ट’, त्याखाली माणूस कुठल्या गाडीत होता, मग ड्रायव्हर की प्रवासी, मग कशाला धडकला. पातळी कळायला ओळीपुढच्या आडव्या रेघा मोजाव्या लागतात, आणि अक्षर इतकं बारीक की पहाटे तीनला चार रेघा आणि पाच रेघा सारख्याच दिसतात. पान उलटलं की आपण कोणाच्या पोटात आहोत ते समजायला मागे जावं लागतं. ‘पुढे चालू’ची ओळ काही पानांवर आहे, काहींवर नाही.

म्हणून मी नव्यांना सांगते, गाड्यांसाठी इंडेक्सच्या नादी लागू नका, थेट टॅब्युलरला जा. पहिला आकडा जखमी माणसाची गाडी सांगतो: २ मोटरसायकल, ४ कार, ५ पिकअप किंवा व्हॅन, ७ बस. दुसरा सांगतो समोर काय आलं: ० पादचारी किंवा जनावर, २ दुचाकी-तीनचाकी, ३ कार-पिकअप-व्हॅन, ७ खांब-भिंत. डॉक्टरांनी ‘मोटरसायकल व्हर्सेस पिकअप’ एवढंच खरडलंय. मोटरसायकल चालवणारा व्ही२३.४९एक्सए (एक्स नुसता रिकामी जागा भरायला). शेजारच्या खाटेवर त्याच पिकअपचा ड्रायव्हर असेल तर तो व्ही५२.५एक्सएक्सए. पुस्तकात दोन्ही पानांना अंगठ्याची खूण आहे, अर्ध्या मिनिटात काम होतं. ऑफिसच्या एन्कोडरमध्ये, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘एमव्हीए’ (मोटार वाहन अपघात) टाइप केलं की वर येतो व्ही८९.२, अनस्पेसिफाइड, आणि टार्गेटच्या धाकाने पोरं तोच उचलतात. चार्टमध्ये खाली नर्सच्या नोंदीत ‘पिकअप’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. कागदावर शेजारचे कोड डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे माणूस पुढचं वाचतो.

सातव्या अक्षराची चौकट, पहिल्या भेटीला ए, नंतरच्या उपचारांना डी, मागे राहिलेल्या व्याधीला एस, फक्त कॅटेगरीच्या डोक्यावर छापली आहे. व्ही४३ लांबलचक आहे, पुढच्या पानावर ती दिसतच नाही. प्रत्येक पानाच्या तळाला एक ओळ टाकायला काय जात होतं? जागेच्या वाय९२ पाशी ‘फक्त पहिल्या भेटीला, एकदाच’ ही टीप मात्र न चुकता आहे.

पाचपैकी साडेतीन. सीपीसीची, म्हणजे कोडरच्या प्रमाणपत्राची, परीक्षा द्यायची असेल तर घ्या आणि आधीपासून त्याच प्रतीवर सराव करा, कारण ४ तासांत १०० प्रश्न सोडवताना पान कुठे उघडतं हे हाताला माहीत असावं लागतं. नोकरीत असाल तर सीनियरची गेल्या वर्षीची प्रत मागून घ्या आणि बदललेले कोड फुकटच्या फायलीवरून तपासा. फार जुनी नको. ऑक्टोबर २०२२ पासून इलेक्ट्रिक सायकलीला मोटरसायकलींमध्ये वेगळे कोड मिळालेत, त्याआधीच्या प्रतीत व्ही२३.४१ सापडणारच नाही. आणि हायलायटर वापरू नका, कागद इतका पातळ आहे की पिवळा रंग मागच्या कोडवर उतरतो. रंगीत पेन्सिल चालते.