आधी दगड की आधी आकडे? भूविज्ञान आणि भूरसायनाची पुस्तकं निवडताना

माझी भाची महाराजा सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "मामा, पुढे भूरसायन करावंसं वाटतंय. भूविज्ञानाचं अगदी सुरुवातीचं पुस्तक वाचत बसू, की रसायन येतंच आहे तर थेट भूरसायनाचं मोठं पुस्तक उघडू?"

भूरसायन म्हणजे दगड, माती आणि पाण्यातल्या मूलद्रव्यांचं रसायन. मीही रसायनाचाच, आणि मी थेट मोठ्या पुस्तकाच्या वाटेने गेलो होतो. त्यामुळे दोन्ही वाटांबद्दल माझं मत पक्कं आहे. तिला तोंडी सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण बडोद्यात अशा विचारात पडलेली मुलं मला दर वर्षी भेटतात.

पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करताना मला दगडांचा नाद लागला. पृथक्करण तर रोजचंच काम. हालोलच्या पुढे रस्त्यासाठी टेकडी कापली होती तिथून एक काळा दगड आणला, हातोडीने फोडला, लोखंडी खलात कुटला आणि सिलिका, ॲल्युमिना, चुना, लोह असं एकेक काढत गेलो. बेरीज आली ९४ टक्के, यायला हवी होती शंभराच्या आसपास. चुना जास्त, लोहही जास्त. दोन आठवडे मी अभिकर्मक तपासत होतो, प्रमाण द्रावणं पुन्हा पुन्हा करत होतो. बाटल्यांत काहीच चूक नव्हती. दगडात वाटाण्याएवढे पांढरे ठिपके होते आणि मी ते बघूनही बघितले नव्हते. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे झिरपणारं पाणी त्या पोकळ्यांत कॅल्साइट आणि झिओलाइट ही पांढरी खनिजं भरतं. म्हणजे मी लाव्हाचं पृथक्करण करतच नव्हतो. लाव्हा आणि नंतर आलेल्या पाण्याची करणी अशी दोन्हींची भेसळ मी मोजत होतो. कॅल्साइटमधला कार्बन डायऑक्साइड आणि झिओलाइटमधलं पाणी मी काढलंच नव्हतं, म्हणून बेरीज तुटली. लोखंडी खलाचं लोह त्यात आणखी मिसळलं होतं. ते भरलेले बुडबुडे भूविज्ञानाच्या कुठल्याही प्रास्ताविक पुस्तकात चित्रासकट असतात. खलाची गोष्ट विशेष, म्हणजे भूरसायनाच्या मोठ्या पुस्तकात असते. मी दोन्ही वाचलं नव्हतं. वाचली होती ती फक्त मधली समीकरणं.

तेव्हा तुलना करायची तर एकच दगड समोर ठेवून करावी, आणि बडोदेकरांना पावागडासारखी सोय नाही.

पावागडाचं उत्तर दोन पुस्तकांत

पावागड आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. पायथ्यापासून चढताना काळ्या दगडाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. हा दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. माथ्याकडे मात्र दगडाचा रंग बदलतो, फिकट होतो. तो रायोलाइट. प्रास्ताविक पुस्तक सांगतं की बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के, रायोलाइटमध्ये ७० टक्क्यांच्या वर. सिलिका वाढली की लाव्हा चिकट होतो, लांब वाहत नाही. शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) थंड होताना आधी तयार झालेले स्फटिक वेगळे पडतात आणि उरलेल्या द्रवात सिलिका वाढत जाते, हेही ते एका परिच्छेदात सांगून मोकळं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, सुटला प्रश्न.

विशेष पुस्तक इथे थांबवतं आणि विचारतं: पावागडावर तसंच झालं हे कशावरून? जुना ग्रॅनाइटी खडक वितळूनही रायोलाइट होऊ शकतो. आपल्याकडे गोध्र्याचा ग्रॅनाइट जवळच आहे, सुमारे ९५ कोटी वर्षांचा. मग दोन्हींत फरक कसा करायचा? ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक बाहेर पडले तर मॅग्नेशियमबरोबर निकेल घेऊन जातात. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे खनिज बाहेर पडलं तर कॅल्शियमच्या जागी बसणारं स्ट्रॉन्शियम आणि युरोपियम त्याच्याबरोबर जातं. म्हणून उरलेल्या द्रवातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा आलेख काढला तर त्यात युरोपियमपाशी खळगा दिसतो. पण हा खळगा वितळलेल्या ग्रॅनाइटमध्येही असू शकतो, तेव्हा तेवढ्यावर भागत नाही. पुढची कसोटी समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची. रुबिडियम-८७ चं रूपांतर अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये होतं. अर्धायुष्य जवळजवळ ५ हजार कोटी वर्षं. जुन्या ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम भरपूर आणि वेळही भरपूर मिळालेला, म्हणून त्यातलं स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर चढलेलं असतं. प्रावरणातून (भूकवचाखालच्या थरातून) आलेल्या बेसॉल्टमध्ये ते ०.७०३ ते ०.७०५ च्या आसपास, जुन्या भूकवचात ०.७१० च्या पुढे. स्फटिक बाहेर पडल्याने हे गुणोत्तर बदलत नाही. ग्रॅनाइट मिसळला तर बदलतं.

प्रास्ताविक पुस्तक उत्तर देतं; विशेष पुस्तक त्या उत्तराचा पुरावा मागतं. हे कळलं की मोठं पुस्तक रुक्ष वाटत नाही. पण माथ्यावरचा दगड वेगळा आहे हे ज्याच्या डोळ्यांना दिसलेलंच नाही, त्याला हा प्रश्न पडणार कसा?

उलट बाजूचंही एक उदाहरण आपल्याच परिसरातलं आहे. छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडोंगर. तिथल्या एका खडकावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. माझ्याकडे त्याचा मुठीएवढा तुकडा आहे, भाचीच्या हातात दिला. तिने थेंब टाकला आणि लागलीच म्हणाली, "चुनखडी." प्रास्ताविक पुस्तकाने तिला तेवढंच शिकवलं असतं, आणि चाचणी म्हणून ते बरोबरच आहे. पण हा खडक समुद्राच्या तळाशी साचलेला नाही. तो शिलारसातून आलेला आहे. त्याला कार्बोनेटाइट म्हणतात. तिथल्या फ्लोराइटच्या साठ्याबरोबर हा खडक आहे हे सुखेश्वाला आणि उदास यांनी १९६३ मध्ये मांडलं. आम्लाला दोन्ही सारखेच. फरक कळतो तो स्ट्रॉन्शियम, बेरियम, नायोबियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मोजल्यावर. कार्बोनेटाइटमध्ये ती चुनखडीच्या कितीतरी पट असतात. इथे नुसते डोळे पुरत नाहीत.

कुठलं पुस्तक कशासाठी

प्रास्ताविकांत माझी पहिली पसंती आर्थर होम्स यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ फिजिकल जिऑलॉजी'ला. पहिली आवृत्ती १९४४ ची. खडकांची वयं किरणोत्साराने मोजण्याच्या कामात होम्स अगदी सुरुवातीपासून होते, त्यामुळे रसायनाच्या विद्यार्थ्याला त्यांची विचार करण्याची पद्धत ओळखीची वाटते. नदी, वाळवंट, ज्वालामुखी यांची वर्णनं वाचून झाली की विश्वामित्रीच्या काठाकडेही माणूस वेगळ्या नजरेने बघू लागतो. उणीव एकच: भूपट्टांचा (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे) सिद्धांत १९६७-६८ च्या सुमारास उभा राहिला, म्हणून १९६५ ची दुसरी आवृत्ती हाताला लागली तर तो भाग दुसऱ्या एखाद्या नव्या पुस्तकातून वाचावा लागेल. तेवढ्यासाठी होम्स सोडू नये.

दाराशा वाडिया यांचं 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' १९१९ चं. वाडिया सुरतेचे, पण शिकले आपल्या बडोदा कॉलेजात, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी सांगतो, हे पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नका. कुठे कुठला खडक आहे याचं वर्णन आजही उपयोगी पडतं, पर्वत का उठले याची कारणं मात्र जुनी झाली आहेत. गुजरातपुरतं बघायचं तर एस. एस. मेढ यांचं १९९५ चं 'जिऑलॉजी ऑफ गुजरात' जास्त कामाचं. ते आपल्याच विद्यापीठात भूविज्ञान शिकवत. ते गोष्टीसारखं वाचायचं पुस्तक नाही; सहलीला जाण्याआधी त्या भागाचं प्रकरण वाचायचं आणि परत आल्यावर पुन्हा वाचायचं.

मराठी शब्द अडले तर मराठी विश्वकोशातल्या भूविज्ञानाच्या नोंदी बघाव्यात. रूपांतरित खडक म्हणजे काय हे आईच्या भाषेत एकदा समजलं की इंग्रजी पान निम्म्या वेळात वाचून होतं.

आता भूरसायन. ब्रायन मेसन यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ जिओकेमिस्ट्री' १९५२ चं. आकाराने आटोपशीर. मूलद्रव्यांचा पृथ्वीभरचा प्रवास त्यात एका धाग्यात येतो: विश्व, पृथ्वीचा गाभा, शिलारस, गाळ, समुद्र, हवा, सजीव. कुठलं मूलद्रव्य लोहाच्या सोबत जातं, कुठलं गंधकाच्या, कुठलं सिलिकेटच्या, ही भूरसायनशास्त्रज्ञ गोल्डश्मिट यांची विभागणी त्यात इतकी स्वच्छ मांडली आहे की आवर्तसारणी पहिल्यांदा भूगोलासारखी दिसते. समस्थानिकांचा आणि आजच्या उपकरणांचा भाग साहजिकच तोकडा आहे. तरीही प्रवेश करायचा तर मी यातूनच करेन.

विल्यम व्हाइट यांचं 'जिओकेमिस्ट्री' त्यामानाने भलं मोठं. सुरुवातीची प्रकरणं उष्मागतिकीची (थर्मोडायनॅमिक्सची). रसायनाच्या पदवीधराला ती जड नाहीत; भूविज्ञानाच्या पदवीधराला तिथेच दम लागतो. एकाच पुस्तकावर एम.एस्सी.ची दोन वर्षं काढायची असतील तर हेच घ्यावं.

पाण्याकडे ओढा असेल तर क्राउसकॉफ यांचं 'इंट्रोडक्शन टू जिओकेमिस्ट्री'. नाव प्रास्ताविक असलं तरी पुस्तक प्रास्ताविक नाही. विद्राव्यता, आम्लता, ऑक्सिडीकरण आणि खडकांची झीज यांवर त्याचा भर आहे. उत्तर गुजरातच्या भूजलात फ्लोराइडचा त्रास जुना. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड फ्लोराइटच्या रूपात खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात ते मोकळं राहतं. बारावीचा विद्राव्यता गुणाकार इथे माणसांच्या दातांशी आणि हाडांशी येऊन भिडतो. मला हा विषय सगळ्यांत जवळचा वाटतो. नोकरीच्या दृष्टीने बघितलं तरी तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

रोलिन्सन यांचं १९९३ चं 'यूजिंग जिओकेमिकल डेटा' सलग वाचू नका. हाती एक्सआरएफ किंवा आयसीपी-एमएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या उपकरणांचे खरे आकडे आले की ते उघडायचं. कुठला आलेख काढावा, कुठल्या आलेखावर किती विश्वास ठेवावा, हे ते सांगतं. आकडे नसताना वाचलं तर नुसती आलेखांची गर्दी डोक्यात राहते. गुंटर फॉर यांचं समस्थानिकांवरचं पुस्तक सर्वांत शेवटी. गणित सोपं आहे, फसवणूकही तिथेच होते. पाच नमुन्यांच्या आकड्यांतून वय देणारी सरळ रेष काढता येते. पण ते पाचही एकाच शिलारसाचे आहेत का, हे रेष सांगत नाही. ते डोंगरावर बघून ठरवावं लागतं.

तुम्ही कोण आहात त्यावर

रसायनाचे पदवीधर असाल तर होम्समधली खनिजं, खडक आणि ज्वालामुखी एवढी प्रकरणं आधी वाचा, सगळं पुस्तक नको. दहापट दाखवणारं भिंग विकत घ्या, दोन-तीनदा पावागडला जा, मग मेसन. चांपानेर-पावागड हे संरक्षित क्षेत्र आहे, तिथे हातोडी चालवू नका. बघायला भिंग पुरतं. भूविज्ञानाचे पदवीधर असाल तर प्रास्ताविक पुस्तकांत पुन्हा रमू नका. तुमची अडचण उष्मागतिकीत आहे, तेव्हा व्हाइट उघडा आणि प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणं हाताने सोडवा. आमच्या शेजारचे निवृत्त काका आहेत, त्यांना फक्त डोंगर समजून घ्यायचा आहे. त्यांच्यासाठी होम्स आणि मेढ बस आहेत. विशेष पुस्तकावर त्यांनी पैसे घालू नयेत असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

परीक्षेसाठी वाचत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. यूपीएससीच्या कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेत भूवैज्ञानिक आणि केमिस्ट ही पदं वेगळी आहेत, त्यांची पात्रताही वेगळी. रसायनात एम.एस्सी. करूनही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. भाचीला हे माहीत नव्हतं. ऐकल्यावर तिचा अर्धा गोंधळ मिटला, कारण विषय सोडायचा की नाही हाच तिचा खरा प्रश्न होता.

विकत घेण्याआधी हंसा मेहता ग्रंथालयात बसून प्रत्येकाचं एक प्रकरण वाचून बघा. आवृत्तीकडेही लक्ष असू द्या. मेसनची जुनी प्रत चालेल. समस्थानिकांच्या पुस्तकात मात्र रुबिडियमचा क्षय-स्थिरांक, म्हणजे ते किती वेगाने रूपांतरित होतं तो आकडा, बघा. १९७७ मध्ये ठरलेला १.४२ वर्षानुवर्षं वापरात होता, आता १.३९७ धरतात (दोन्ही गुणिले १० चा उणे अकरावा घात, दर वर्षी). जुन्या स्थिरांकाने १०० कोटी वर्षं आलेलं वय नव्याने १०१ कोटी ६० लाखांच्या आसपास जातं. दोन पुस्तकांतली वयं शेजारी मांडण्याआधी प्रत्येक वयाखाली त्याचा स्थिरांक लिहून ठेवा. भाचीच्या वहीचं पहिलं पान मी तसंच आखून दिलं आहे.