फोमचं स्पोर्ट विमान, काही महिने उडवल्यानंतर: दोष शेपटीत, पण फोममध्ये नाही

सव्वा मीटर पंखांचं, ईपीओ (चिवट जातीच्या) फोमचं, रिमोटवर उडणारं लो-विंग (पंख पोटाशी खाली असलेलं) मॉडेल. चार सेलची बॅटरी, नऊ ग्रॅमचे प्लॅस्टिक गिअरचे सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), सगळं कारखान्यातूनच बसवून आलेलं. कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही. शेपटीची ही जोडणी काही या एकाच विमानाची मक्तेदारी नाही.

चांगलं आधी उरकतो. पंख ताठ आहे, मोटर माउंट सरळ आहे, चाकं गवतावरही टिकली. अर्ध्या थ्रॉटलवर हे विमान इतकं गुणी वागतं की पहिले काही आठवडे तक्रारीला जागाच सापडत नाही.

तक्रार सुरू होते ती वेग वाढल्यावर. अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम करून (स्टिक न धरता सरळ जाईल असं बसवून) सरळ उडणारं विमान फुल थ्रॉटलला नाक खाली घालायला लागतं. वरून वेगात खाली आणून स्टिक ओढली, तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप) उशिरा आणि अर्धवट जागा होतो. मोठा लूप (हवेत उभं वर्तुळ) घेताना विमान दर वेळी डावीकडे कलंडतं. जमिनीवर मात्र स्टिक हलवा, एलिव्हेटर अगदी आज्ञाधारक.

यातलं पहिलं लक्षण फसवं आहे. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, तपासायला आपण थ्रॉटल कमी करून विमान तिरकं खाली सोडतो आणि स्टिक मोकळी ठेवतो. नाक आपोआप वर आलं तर नाक जड. डाइव्ह आणखी तीव्र झाला तर शेपूट जड. हे गणित एलिव्हेटर जागेवर राहतो असं धरून चालतं. शेपटीची जोडणी लवत असेल, तर वेगातली हवा ट्रिमने दिलेला थोडासा वरचा कोन दाबून सपाट करते, आणि विमान शेपूट जड असल्यासारखं वागतं. मग नाकात वजन टाकलं जातं, त्यासाठी आणखी वरचा ट्रिम लागतो, आणि तोही वेगात असाच पुसला जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो, त्यामुळे मैदानावर हळू उडवून केलेली तपासणी इथे निरुपयोगी आहे. शिशाला हात लावण्याआधी शेपूट दाबून बघा.

दाबून बघायचं ते असं. प्रॉपेलर काढा (हे वाक्य कंटाळवाणं आहे, तरी काढाच). ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालू ठेवा, म्हणजे सर्वो आपली जागा धरून बसेल. आता एलिव्हेटरची मागची कड बोटाने खाली दाबा आणि नजर कडेवर न ठेवता मागून पुढे सरकवत न्या: हॉर्न (एलिव्हेटरवरची भोकांची पट्टी), क्लेव्हिस (तिला अडकणारी चिमटी), पुशरॉड (सर्वोपासून येणारी तार), सर्वो आर्म (सर्वोचा फिरता हात), सर्वोची बैठक. कोण हलतंय ते दिसतं. एकट्याने जमत नसेल तर फोनवर व्हिडिओ काढून सावकाश पाहा.

माझ्या विमानात सर्वो आर्म जवळजवळ स्थिर होता आणि हॉर्न चांगलाच हलत होता. म्हणजे चोर मधे, पुशरॉडमध्ये. १.२ मिमीची तार प्लॅस्टिकच्या नळीतून जाते आणि ती नळी फक्त दोन टोकांना चिकटवलेली. हॉर्न एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला असल्यामुळे ‘अप’ (एलिव्हेटर वर) देताना तार ढकलली जाते, ओढली जात नाही. ओढताना बारीक तारही ताठ असते. ढकलताना ती नळीसकट मधे फुगते. अशा तारेचा मोकळा पल्ला निम्मा केला की वाकण्याआधी ती चौपट जोर पेलते. म्हणून पोटाला एक चीर देऊन नळी मधोमध फोमला चिकटवली. एवढ्या एका ठिपक्याने जो फरक पडला तो बाकी कशाने पडला नाही. नवीनच पुशरॉड करायचा असेल तर कार्बनची पोकळ नळी, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून इपॉक्सी लावलेले तारेचे तुकडे, हा उत्तम मार्ग. फक्त रिसीव्हरची अँटेना कार्बनला लागून ठेवू नका, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल कार्बनच्या आड अडतो.

दुसरी गोष्ट फुकट आहे आणि तिचंच मला सर्वांत आश्चर्य वाटतं. माहितीपत्रक क्लेव्हिस हॉर्नच्या आतल्या भोकात लावायला सांगतं आणि मग हालचाल जास्त होते म्हणून ट्रान्समीटरवर रेट (स्टिकमागे सर्वो किती हलावा ते प्रमाण) कमी करायला सांगतं. हे उलटं आहे. क्लेव्हिस बाहेरच्या भोकात, सर्वोवर आतलं भोक आणि ट्रान्समीटरवर पूर्ण रेट. बिजागरीपासूनचं अंतर १० मिमीवरून १५ केलं की तारेवरचा जोर एक तृतीयांशाने घटतो, तारेचा उरलेला ढिलेपणा कोनात कमी दिसतो, आणि एकूण ताठपणा सव्वादोन पट होतो. शिवाय सर्वो आपला पूर्ण पल्ला वापरतो, त्यामुळे स्टिकच्या मध्याजवळची हालचाल बारीक होते.

डावीकडे कलंडणं हा वेगळा रोग. हॉर्न डाव्या अर्ध्या एलिव्हेटरवर आहे आणि उजवा अर्धा २ मिमीच्या वाकवलेल्या तारेने त्याच्याशी जोडलेला. जोर आला की तार पीळ खाते, उजवा अर्धा मागे पडतो, आणि शेपटीची डावी बाजू जास्त खाली दाबली जाते. आधी पंखांचा डावा-उजवा तोल मात्र तपासा, कारण एक पंख जड असला तरी लूपमध्ये हेच दिसतं. तोल बरोबर निघाल्यावर मी तार ३ मिमीची बसवली. तारेचा पीळविरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे इथे पाच पट. पण जाड तार नुसती फोममध्ये खुपसली तर ती फोम चेपून आपल्यासाठी भोक मोठं करते आणि पुन्हा तेच. दोन्ही पायांना लाकडाची पट्टी घालून इपॉक्सीने बसवावी लागते. वजन चार-पाच ग्रॅम वाढलं. शेपटीचा हात लांब असल्याने नाकाकडे त्याच्या दोन-तीन पट भरपाई लागते, ती बॅटरी किंचित पुढे सरकवून झाली.

एलिव्हेटरच्या लांबीला कार्बनची पट्टी चिकटवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ती पट्टी वाकणं थांबवते, पीळ फारसा नाही. पिळासाठी फायबरची टेप दोन्ही बाजूंनी तिरकी, ४५ अंशांत, फुलीसारखी लावलेली बरी. मी टेप लावली आहे, पण खरं सांगायचं तर वरच्या तीन दुरुस्त्यांनंतर तिचा वेगळा फरक उडवताना जाणवला नाही.

एकदाच, दुरुस्तीच्या आधी, शेपटीतून घरघर ऐकू आली होती. तो फ्लटर, म्हणजे वेगात एलिव्हेटरचं आपोआप फडफडणं. अशा वेळी विचार करायचा नाही. थ्रॉटल लगेच बंद, नाक हळूच वर, वेग उतरला की खाली. उतरल्यावर बिजागरी ओढून आणि सर्वोचे दात हाताने फिरवून तपासायचे. माझ्या सर्वोचा एक दात गेला होता, तो सर्वो बदलला. मेटल गिअरचा मुद्दाम घेतला नाही; ढिलेपणा दातांत नव्हताच.

आता फुल थ्रॉटलला ट्रिम एखाद-दुसऱ्या क्लिकने हलतो, लूप सरळ मिटतो. रडरची (शेपटीच्या उभ्या झडपेची) तार अजूनही तशीच बारीक आहे आणि दाबली की लवते. तिच्याकडे मी लक्ष देत नाही, हे विमान नाइफ-एजसाठी, म्हणजे कुशीवर आडवं उडवण्यासाठी, घेतलेलं नव्हतं.