रडर एक, मालक चार : घरच्या फ्लाइट सिम्युलेटरचा आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या पाडव्याला सेटअप पूर्ण झाला आणि आता आषाढ लागलाय. या आठ महिन्यांत आठवड्याला चार-पाच तास तरी उड्डाण झालं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. वस्तू तीन आहेत: हँडल गोल फिरवलं की रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी फळी) चालवणारी जॉयस्टिक, इंजिनाची ताकद कमी-जास्त करायला वेगळा थ्रॉटल, आणि पंजाने ब्रेक दाबता येतील असे रडर पेडल. सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टचा, २०२० सालचा. जॉयस्टिक आणि पेडलच्या कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मला झालेला त्रास, म्हणजे विमान आपोआप वाकडं जाण्याचा, कुठल्याही दोन-तीन कंपन्यांच्या वस्तू एका कॉम्प्युटरला जोडल्या की होऊ शकतो, आणि मी तर चांगली जॉयस्टिक 'खराब निघाली' म्हणून विकायला काढली होती.

आमचं घर धुळ्यात, देवपूरला. गोंदूरची धावपट्टी जवळ, त्यामुळे बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं लहानपणापासून नाही, पण गेली बरीच वर्षं डोक्यावरून जाताना बघतोय. शिरपूरला आणखी एक अकॅडमी आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले त्यांत आपलं जळगाव होतं. खानदेशात विमान ही आता फक्त वर मान करून बघायची गोष्ट राहिलेली नाही. माझं शिक्षण कॉमर्सचं, नोकरी जिनिंगमध्ये हिशेबाची, पण ही आवड मनापासूनची आहे.

सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन जळगावच्या धावपट्टीवर उभा राहिलो, पूर्ण थ्रॉटल दिला, आणि विमान डावीकडे ओढायला लागलं. पहिले दोन महिने मी हे बरोबरच आहे असं समजलो. एका इंजिनाच्या विमानात पंख्याचा झोत शेपटीवर गोल फिरत येतो, इंजिनाचा टॉर्क म्हणजे पीळ असतो, नाक वर असताना पंख्याची उजवी पाती जास्त ओढते, आणि या सगळ्याचा परिणाम म्हणून नाक डावीकडे जातं. उजवा पाय द्यावाच लागतो. पुस्तकी ज्ञान पक्कं होतं, म्हणून तर चूक सापडायला उशीर झाला. मी उजवा पाय देत होतो, विमान क्षणभर ऐकायचं आणि परत डावीकडे जायचं. आईने मागून दोन-चारदा विचारलंही, "काय रे भाऊ, तुनं इमान आज बी वाकडंच चाली ऱ्हायनं का?"

आमच्या वरच्या खोलीत गोंदूरला शिकणारा एक मुलगा भाड्याने राहतो. त्याला एका रविवारी खाली बोलावलं. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "काका, बॉल कुठे आहे?" वळण दाखवणाऱ्या घड्याळाखाली वाकडी काचेची नळी असते, तिच्यात काळी गोळी. गोळी ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा पाय दाबायचा, म्हणजे ती मध्ये येते. त्याने मला पाच हजार फुटांवर नेऊन थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायला लावला. "आता पंखा ओढत नाही. आता पण नाक पळत असेल तर तो इंजिनाचा परिणाम नाही."

नाक पळतच होतं. आणि सरळ एका बाजूला नाही, थरथरत.

मग त्याने बाहेरचा कॅमेरा लावला आणि विमानाच्या शेपटीजवळ नेला. तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. माझे दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर, आणि उभं रडर ताप आल्यासारखं बारीक थरथरतंय. मध्येच झटका देऊन डावीकडे जातंय, परत येतंय. तुमच्याकडे विमान वाकडं जात असेल तर सगळ्यात आधी हेच करा. कॉकपिटमध्ये बसून कारण शोधण्यापेक्षा बाहेरून शेपूट बघा, दोन मिनिटांत कळतं.

आता मूळ गोष्ट. रडर हा एक ऍक्सिस आहे, म्हणजे डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतचा एकच आकडा. तो आकडा माझ्याकडे चार ठिकाणांहून जात होता. जॉयस्टिकचा ट्विस्ट, म्हणजे हँडलचं गोल फिरणं. पेडल. थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला बोटांनी दाबायची पट्टी असते, तीही रडरच. आणि चौथा, भाच्याचा गेमपॅड. तो सुट्टीत आला होता, त्याने जोडला आणि तसाच मागे लोंबकळत राहिला. त्याच्या मागच्या दोन ट्रिगरवरही रडर असतं. सिम्युलेटर ओळखीची वस्तू दिसली की तिला तयार प्रोफाइल, म्हणजे कुठलं बटण काय करेल याची यादी, लावून देतो. एकच वस्तू असलेल्या माणसासाठी ही सोय फार चांगली आहे. पण प्रत्येक वस्तूचं प्रोफाइल आपण एकटेच आहोत असं धरून बनवलेलं असतं.

चौघांपैकी तिघं स्वस्थ बसले असते तरी चाललं असतं. माझ्याकडे अनुभव असा की ज्याच्याकडून शेवटचा आकडा आला त्याचं विमान ऐकतं. पेडल हलवलं की पेडलचं. पण जॉयस्टिकचा ट्विस्ट हात न लावताही बारीक बारीक आकडे पाठवत होता, म्हणून पेडलने दिलेली जागा पुढच्याच क्षणी पुसली जायची.

हे विंडोजमध्येच दिसतं, सिम्युलेटर उघडायची गरज नाही. रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप केलं की गेम कंट्रोलरची यादी उघडते. एकेका वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हात लांब ठेवायचा आणि पट्ट्यांकडे बघत बसायचं. पेडलची पट्टी दगडासारखी स्थिर. जॉयस्टिकच्या ट्विस्टची पट्टी उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी हलत होती. मी घड्याळ लावून पाच मिनिटं बघितलं, कारण काही झटके दोन-दोन मिनिटांनी येतात आणि घाईत निसटतात.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त क्रम पाळायचा. सिम्युलेटरच्या कंट्रोल्सच्या पानावर एक वस्तू निवडा, नावाने शोधायच्या चौकटीत रडर टाका, आणि त्या वस्तूवर रडरचं जे जे काही बांधलेलं दिसेल ते काढून टाका. फक्त पेडलवर ठेवा. तयार प्रोफाइल बदलता येत नाही, बदल साठवताना तो नवीन नाव मागतो. नाव असं द्या की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळेल. माझं आहे 'जॉयस्टिक रडरविना'. गेमपॅडसाठी मी पूर्ण रिकामं प्रोफाइल बनवलं, म्हणजे भाचा आला तरी काही बिघडत नाही. कीबोर्डलाही विसरू नका, नंबरपॅडचं शून्य आणि एंटर ही दोन बटणं रडरची असतात. शेवटी मदतीच्या पानावरचं ऑटो-रडर बंद करा. ते चालू असेल तर तुमच्या पायांशिवाय आणखी एक पाय पेडलवर आहे असंच समजा.

त्या संध्याकाळी जळगावहून उडालो. उजवा पाय दिला आणि विमान मधल्या पांढऱ्या रेषेवर राहिलं. गिरणा ओलांडली, बांभोरीला विद्यापीठ दिसलं, एरंडोल, पारोळा. हायवे डाव्या पंखाखाली ठेवून धुळ्याजवळचा लळिंगचा डोंगर दिसेपर्यंत गोळी मध्येच होती. सरळ रेषेत हे अंतर ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर, सेसनाला अर्धा तासही लागत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमीन उभी केलेली असल्यामुळे आमची पांझरा नदी ओळखू येते. आईला बोलावून दाखवली.

थ्रॉटलचा त्रास याच जातीचा होता, पण जास्त घातक. जॉयस्टिकच्या बुडाशी एक छोटा सरकता लिव्हर असतो, तोही थ्रॉटलला बांधलेला. तो कुठेतरी अर्ध्यावर राहिलेला. उड्डाणभर गप्प बसायचा आणि नेमकं उतरताना, धावपट्टी समोर असताना, इंजिन एकदम गुरगुरायचं. पासष्ट नॉटवर अलगद खाली येणारं विमान नाक उचलून पुढे पळायला लागायचं. मी जॉयस्टिक ओढली की टेबल हलायचं, टेबल हललं की तो लिव्हर केसभर हलायचा. हे समजायला मला तीन आठवडे लागले. तो लिव्हर आता फ्लॅपला, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्यांना दिलाय, उपयोगीही पडतो.

ब्रेकचं वेगळं. पेडल नवीन जोडले त्या दिवशी पूर्ण थ्रॉटलवर विमान जागचं हलेना. पंजाच्या ब्रेकचा ऍक्सिस उलटा होता: पाय उचललेला असताना पूर्ण ब्रेक, दाबला की मोकळा. दोन्ही ब्रेकसमोरच्या रिव्हर्सच्या चौकटीत खूण केली, संपलं.

रडरची भांडणं मिटल्यावरही मला ट्विस्टचा थरथराट स्वस्थ बसू देईना, कारण ती जॉयस्टिक मी प्रवासात लॅपटॉपवर एकटी वापरतो. ऍक्सिसचा गोंधळ काढून टाकल्यावर जे उरतं तोच वस्तूचा खरा दोष, आणि तो तपासायची वेळ आता आली होती. वॉरंटी संपलेली नसेल तर हे करू नका. माझी जॉयस्टिक जुनी घेतलेली होती. बुडाचे स्क्रू काढले, हँडलच्या मुळाशी शर्टाच्या गुंडीएवढा पोटेन्शिओमीटर, म्हणजे हँडल किती फिरलं ते मोजणारा भाग. आत कार्बनचा काळा अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी पितळी जीभ. पट्ट्याच्या बरोबर मधोमध, जिथे हँडल सगळ्यात जास्त वेळ असतं, तिथे पांढुरकं पुट बसलेलं. आमच्याकडे फाल्गुनापासून जी धूळ उडते ती खिडकी बंद केली तरी येते, आणि जिनिंगच्या हंगामात कपड्यांबरोबर सरकीचा बारीक कापूस घरी येतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो कॉन्टॅक्ट क्लीनर एक फवारा मारला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवलं, वाळू दिलं. गंज काढायचं तेलकट स्प्रे इथे वापरू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ आणखी चिकटते. पट्टी जवळजवळ स्थिर झाली. उरलेल्या थरथरीसाठी पाच टक्के डेड झोन दिला, म्हणजे मधली एवढी हालचाल सिम्युलेटर मोजतच नाही. डेड झोन आधीच वीस टक्के देऊन टाकणारे लोक आहेत. त्याने झटका लपतो, पण उतरताना रडरला जो हलका स्पर्श हवा असतो तोही मरतो.

नवीन घेणार असाल तर हॉल सेन्सरची जॉयस्टिक बघा. तिच्यात चुंबक असतो, काही घासत नाही, त्यामुळे धुळीचं भय कमी. पण नीट विचारून घ्या. जाहिरातीत हॉल सेन्सर लिहिलेलं असतं ते कधी कधी फक्त पुढे-मागे आणि आडव्या ऍक्सिससाठी, ट्विस्टला साधा पोटेन्शिओमीटरच असतो.

मे महिन्यात आणखी एक प्रकार झाला. पारा ४४च्या वर, दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरवर येईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडला. परत चालू केला तर पेडल गायब. घाईत ते दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावले, आणि सगळं जुनं दुखणं परत आलं: विंडोजला ती नवी वस्तू वाटली, सिम्युलेटरने तयार प्रोफाइल लावलं. तेव्हापासून प्रत्येक वायरला आणि तिच्या पोर्टला एकाच रंगाची इन्सुलेशन टेप आहे, लाल जॉयस्टिक, पिवळा थ्रॉटल, हिरवे पेडल. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घेतला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी बंद करायची परवानगी काढून घेतली. वस्तू आधी जोडायच्या, सिम्युलेटर नंतर उघडायचा, आणि पेडल जोडताना पाय बाजूला ठेवायचे, कारण माझे पेडल जोडल्या क्षणी जिथे असतील तिथे मध्य धरतात.

आता वस्तूंबद्दल थोडं. पेडल आठ महिन्यांत एकदाही चुकले नाहीत, फक्त गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात. मी खाली रबरी पायपुसणं टाकलंय आणि खुर्चीच्या पायांना पट्ट्याने बांधलंय. थ्रॉटलच्या सरकपट्टीला सुरुवातीला अडखळ होती, वापराने मोकळी झाली. जॉयस्टिकची मधली स्प्रिंग थोडी सैल पडली आहे, एवढ्या वापरात ते चालायचंच. विकायची जाहिरात मी काढून टाकली.

वरच्या खोलीतल्या मुलाची परीक्षा झाली, तो पुढच्या महिन्यात जाणार. काल संध्याकाळी तो बसला होता तेव्हा आम्ही पांझरेच्या काठाकाठाने मुडावदपर्यंत, तापीच्या संगमापर्यंत गेलो. त्याने पूर्ण वेळ फक्त नळीतल्या गोळीकडे बघितलं.