ब्लूजच्या लिक्स कुणाबरोबर शिकायच्या? एकट्यानं, मास्तरांपाशी की ऑनलाइन गटात

गिटारवर पेंटॅटॉनिकची (पाच स्वरांच्या मालिकेची) पहिली चौकट पाचव्या फ्रेटवर वर-खाली वाजवता येते. ए-सेव्हन कॉर्डवरून डी-सेव्हनवर जाताना हात अडखळत नाही. पण बॅकिंग ट्रॅक (मागे वाजणारी तयार साथ) लावला की बोटांतून निघतात ते पलटेच. तुम्ही या टप्प्यावर असाल तर पुढचा प्रश्न पडलेला असणारच. घरी बसून व्हिडिओ आणि टॅबवरून (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेल्या कागदावरून) लिक्स, म्हणजे ब्लूजमधली छोटी ठेवणीतली वाक्यं, गोळा करायच्या, एखाद्या मास्तरांकडे जायचं, की दर आठवड्याला एक लिक ठरवून सगळ्यांनी ती वाजवून रेकॉर्ड करायची आणि एकमेकांना ऐकवायची अशा ऑनलाइन सराव-गटात शिरायचं? माझा कल गटाकडे आहे, पण सरसकट नाही.

आधी निवडीची कसोटी ठरवू. ए मायनर पेंटॅटॉनिकचे स्वर ए, सी, डी, ई आणि जी. ए हा षड्ज धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी. तरी हे पाच स्वर गिटारवर स्वच्छ वाजवले म्हणून ब्लूज होत नाही. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो तार किंचित ओढून काढावा लागतो. टॅबमध्ये तिथे 'पाव' एवढंच लिहिलेलं असतं. पाव म्हणजे नक्की किती, हे कागदावरून कळत नाही. त्यामुळे तिन्ही वाटांना मी एकच प्रश्न विचारतो: तुमचा गंधार कुठवर पोचला हे तुम्हाला कोण सांगणार?

एकट्यानं

ही वाट जुनी आणि मानाची आहे. 1960च्या आसपासची ब्रिटिश पोरं अशीच शिकली. 1961मध्ये डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर, पुढे रोलिंग स्टोन्स बँडमध्ये गाजलेल्या कीथ रिचर्ड्सला मिक जॅगर भेटला, तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन वादकांच्या रेकॉर्ड्स होत्या. त्या काळी अवघड जागा ऐकायला रेकॉर्ड प्लेअरचा मिनिटाला 33 फेऱ्यांचा वेग 16वर आणत. लिक निम्म्या वेगानं ऐकू यायची, पण स्वरही सप्तकभर खाली उतरायचा. आज यूट्यूबवर वेग अर्धा केला तरी सूर जागच्या जागी राहतो, आणि ऑडासिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन बारांचा, म्हणजे आठ मात्रांचा, तुकडा हवा तितका वेळ फिरवता येतो.

खर्च नाही, वेळेचं बंधन नाही, आवडीचा वादक निवडता येतो. इतकं सगळं असून ही वाट बहुतेकांना अर्ध्यावर सोडते, याचं कारण आळस नव्हे. एकट्यानं शिकताना 'ही लिक आली' असं म्हणण्याचा क्षणच ठरलेला नसतो. साधारण जमली की पुढचा व्हिडिओ समोर येतो, आणि सहा महिन्यांनी तीस लिक्सची सुरुवात येत असते, एकीचाही शेवट नाही. दुसरं असं की वाजवताना लक्ष बोटांकडे असतं. कानांना जे ऐकायचं होतं तेच ऐकू येतं, आणि खाली राहिलेला बेंड (तार ओढून चढवलेला स्वर) सुरात लागल्यासारखा वाटतो.

मास्तरांपाशी

इथे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण मास्तरांचा उपयोग एका ठरावीक कामासाठी निर्विवाद आहे. ते काम म्हणजे हात बघणं. बेंड अनामिकेनं होतो, पण मधलं बोट आणि तर्जनी मागून जोर देतात, अंगठा नेकवरून वर येतो आणि ताकद बोटांतून न येता मनगट फिरण्यातून येते. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगचा व्हायब्रेटोही (स्वराचं कंपन) मनगटाचाच होता. हे व्हिडिओत शंभरदा पाहिलं तरी आपलं मनगट फिरतंय की बोट ढकलतंय हे समोरचा माणूस दोन मिनिटांत ओळखतो. नकलेतही फसगत असते. अल्बर्ट किंग हा ब्लूज गिटारवादक डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, म्हणून तो तार खाली ओढायचा. त्याची लिक आपण वर ढकलून वाजवतो. आवाज वेगळा का येतो, हे सांगायला माणूस लागतो.

अडचण अशी की आपल्याकडच्या शहरांत गिटारचे क्लास खूप, पण त्यातले बरेच गाण्यांच्या साथीवर किंवा परीक्षेच्या ग्रेडवर चालतात. ब्लूजमध्ये मुरलेला शिक्षक मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला तरी चांगला इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा कुणीही बेंडपुरता चालेल. त्यासाठी वर्षाची फी भरायची गरज नाही. पाच-सहा तास फक्त बेंड आणि व्हायब्रेटोसाठी मागून घ्या. आणि हो, गिटारवर जाड तारा असतील तर आधी 9 किंवा 10चा बारीक सेट घाला (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा). स्टीव्ही रे व्हॉन 13च्या तारा वापरायचा हे वाचून त्याच तारा घालणारे उत्साही भेटतात. तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा, हे त्यांच्या वाचनातून सुटलेलं असतं.

ऑनलाइन गटात

पहिला गैरसमज दूर करू: ऑनलाइन गट म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच वेळी वाजवणं नव्हे. ते जमत नाही आणि त्याला कारण भौतिकशास्त्राचं आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते शिकागो हे अंतर 13,000 किलोमीटरच्या घरात, म्हणजे सगळं आदर्श असलं तरी एका बाजूनं 65 मिलिसेकंद लागणारच. वादकांना 25-30 मिलिसेकंदांच्या पुढे लय धरून ठेवणं जड जातं. पुण्यातला एक आणि ठाण्यातला एक असे दोघं जॅम्युलस किंवा सोनोबससारखं सॉफ्टवेअर घेऊन, वाय-फाय ऐवजी तारेनं जोडलेल्या इंटरनेटवर, बऱ्यापैकी एकत्र वाजवू शकतात. झूमवर मात्र एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा. तेही 'ओरिजिनल साउंड' सुरू करून, नाहीतर झूमला तुमचा लांबलेला स्वर पंख्याची घरघर वाटतो आणि तो कापला जातो.

म्हणून गटांचा खरा व्यवहार रेकॉर्डिंगच्या देवाणघेवाणीवर चालतो, आणि माझ्या मते गटाची सगळी ताकद यातच आहे. रविवारी रात्रीपर्यंत फाइल द्यायची म्हटलं की लिकला शेवट मिळतो. रेकॉर्ड करायचं म्हणजे ऐकावं लागतं, आणि ऐकलं की गंधार कुठे राहिला हे बरेचदा कुणी सांगण्याआधीच समजतं. मडी वॉटर्सचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 1941मध्ये मिसिसिपीतल्या स्टोवॉलच्या मळ्यावर लोकगीतं गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सनं लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या रेकॉर्डच्या प्रती हाती आल्यावर, स्वतःचा आवाज ऐकून, आपणही हे करू शकतो असं वाटल्याचं त्यानं पुढे सांगितलं. 1943मध्ये तो शिकागोला गेला. आपण ऐकल्यावर बहुधा उलटंच वाटतं, पण उपयोग तितकाच होतो.

दुसरा फायदा व्हिडिओ किंवा मास्तर देऊ शकत नाहीत. एकच लिक दहा जणांनी वाजवलेली ऐकायला मिळते. एक जण ठेक्याच्या किंचित मागे रेलतो, दुसऱ्याचा व्हायब्रेटो संथ, तिसरा पिक सोडून नुसत्या अंगठ्यानं वाजवतो. लिकमधलं काय पक्कं असतं आणि काय आपल्या मर्जीवर सोडलेलं असतं, हे अशा दहा नमुन्यांतून जितकं स्पष्ट होतं तितकं मूळ रेकॉर्ड शंभरदा ऐकूनही होत नाही.

आता दोष. बहुतेक गट लिकला चार सेकंदांची सुटी वस्तू समजतात. एक उदाहरण घेऊ. ए मध्ये वाजवताना बी. बी. किंगची म्हणून ओळखली जाणारी चौकट दहाव्या फ्रेटपाशी येते. दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट म्हणजे षड्ज, त्याच तारेवर बारावा म्हणजे बी. हा बी अर्धा स्वर ओढला तर सी, कोमल गंधार. पूर्ण स्वर ओढला तर सी-शार्प, शुद्ध गंधार. ब्लूजच्या 12 बारांच्या आवर्तनात पहिल्या चार बारांत खाली ए-सेव्हन वाजत असतो, त्याच्यात सी-शार्प आहेच, म्हणून पूर्ण बेंड गोड लागतो. पाचव्या बारला खाली डी-सेव्हन येतो. त्यात सी आहे, सी-शार्प नाही. तिथे तोच पूर्ण बेंड लांबवला तर खुपतो, अर्धा ओढला तर चपखल बसतो. लिक तीच, बोट तेच, फक्त आवर्तनातली जागा बदलली. ज्या गटात लिक बॅकिंगशिवाय सुटी वाजवून पाठवतात, तिथे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. 12 बारांचं, 48 मात्रांचं अख्खं आवर्तन वाजवायला लावणारा गट असेल तर महिन्याला दोनच लिक्स झाल्या तरी चालतील.

संख्येचा हव्यास हा गटांचा दुसरा रोग. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला 52. जुन्या पिढीतल्या ब्लूजवादक रॉबर्ट जॉन्सननं 1936 आणि 1937मध्ये मिळून 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांत त्याची ठेवणीतली टर्नअराउंड्स (आवर्तन संपताना पुन्हा सुरुवातीकडे नेणारे तुकडे) पुन्हा पुन्हा येतात. अल्बर्ट किंगकडेही वाक्यांचा साठा मोठा नव्हता. त्यानं ती कुठे टाकली आणि मध्ये किती थांबला, यात त्याचं मोठेपण आहे.

वेळेचाही विचार करा. झूमवरची भेट न्यूयॉर्कच्या संध्याकाळी 7 वाजता असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. लंडनचे 7 म्हणजे रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना ही अडचण नाही. इथे राहणाऱ्यांनी एकतर भेटीवर भर न देणारा गट निवडावा, किंवा त्या वेळी ॲम्प लावून शेजाऱ्यांची क्षमा मागावी.

फोनवर की ऑडिओ इंटरफेसवर

गटात शिरायचं ठरलं की लगेच हा प्रश्न येतो, आणि लोक इथेच पैसे आणि महिने घालवतात. फोनची बाजू मी घेईन. ॲम्पपासून मीटरभर अंतरावर फोन ठेवा, बॅकिंग वेगळ्या स्पीकरवर लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि व्हिडिओ घ्या. खोलीत जे वाजलं ते जसंच्या तसं, गिटार आणि ठेका एकत्र, येतं. लय कुठे सुटली ते लपत नाही, आणि समोरच्यांना तुमचं मनगटही दिसतं. ज्याला मास्तर मिळाले नाहीत, त्याला हे फार मोलाचं.

फोनची एक खोड आहे. तो आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. 2011मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला बडी गाय हा ब्लूज गिटारवादक आला होता. तो चालू सोलोत आवाज कुजबुजीइतका खाली आणतो आणि पुढच्या क्षणी अंगावर धावून येतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ब्लूजमध्ये पातळी सारखी होण्याचा तोटा सांगायला नको. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये हा आपोआप नियंत्रणाचा पर्याय बंद करता येत असेल तर करा.

इंटरफेसनं (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीनं) आवाज स्वच्छ येतो, गिटार स्वतंत्र ट्रॅकवर राहते आणि पडद्यावरच्या रेघांशेजारी तुमचा स्वर लवकर पडला की उशिरा, हे डोळ्यांना दिसतं. गिटार थेट जोडताना इनपुट 'इन्स्ट्रुमेंट'वर ठेवा आणि सगळ्यात जोरकस स्वर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच गेन द्या. सॉफ्टवेअरसाठी आधी पैसे मोजायला नकोत: ॲपलवाल्यांकडे गॅरेजबँड असतं, रीपर 60 दिवस वापरून बघता येतं. धोका वेगळाच आहे. चुकलेला बेंड कापून नवा चिकटवता येतो, मागे पडलेला स्वर माउसनं पुढे सरकवता येतो. असं केलेलं रेकॉर्डिंग गटात पाठवून शाबासकी मिळते, शिकणं होत नाही. संगणकावर केलं तरी एका दमात केलेलाच टेक पाठवा.

इंटरफेसची खरी गरज एका प्रसंगी पडते. एकाच बॅकिंगवर प्रत्येकानं 12 बार वाजवायचे आणि कुणीतरी ते जोडायचे, असा उपक्रम गट करतो तेव्हा. त्या वेळी सगळ्यांचा वेग, सुरुवातीचे चार ठोके आणि फाइलचा प्रकार एक लागतो. वेव्ह फाइल द्या. एमपीथ्रीच्या सुरुवातीला रूपांतरातच थोडी शांतता घुसते आणि शफलच्या (झुलत्या) ठेक्यात ती जाणवते.

मग कुणी काय करावं

पूर्ण स्वराचा बेंड अजून सुरात लागत नसेल तर आधी थोडे दिवस मास्तर. बेंड लागतो, पण वाजवलेलं पलट्यांसारखं वाटतं, त्यांनी गट आणि फोन. ज्यांना एकाच वादकाचं वेड लागलंय, फ्रेडी किंगचं 'हाइडअवे' पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत उतरवायचंय, त्यांना गटाचा आठवड्याचा धडा अडथळाच वाटेल. त्यांनी खुशाल एकट्यानं जावं, फक्त दर रविवारी स्वतःचं रेकॉर्डिंग करून सोमवारी ऐकावं. त्याच दिवशी ऐकलं तर वाजवतानाचा आनंद अजून कानात असतो.

गट निवडताना सभासदसंख्या बघू नका. सक्रिय दहा-पंधरा जण पुरतात. फायलींखालच्या प्रतिक्रिया वाचा. सगळीकडे 'वा, झकास' असेल तर तो मित्रमंडळाचा कट्टा आहे, त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी गिटार कशाला हवी? 'पाचव्या बारमधला बेंड जास्त गेला' असं कुणी लिहिलेलं दिसलं तर थांबा. मग दोन-तीन जुन्या सभासदांच्या सहा महिन्यांपूर्वीच्या फाइली शोधून त्या आजच्या फायलींशेजारी ऐका. बेंड अजून तिथेच खाली राहत असतील तर दुसरा गट शोधा.