पवना की भंडारदरा? पाण्याकाठी तंबूत राहायचं असेल तर

डोंगर दोन्हीकडे आहेत आणि पाणीही. पवनेला लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना, भंडारदऱ्याला रतनगड आणि १६४६ मीटरचं कळसूबाई. फोटो पाहून ठरवायला बसलात तर ठरणार नाही. दोन्ही तळी मुळात धरणांचीच. भंडारदऱ्याचं, म्हणजे प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. पवना १९७० च्या दशकातलं, आणि पिंपरी-चिंचवड पितं ते पाणी त्याचंच. ही शेवटची गोष्ट निवड करताना लक्षात ठेवावी, कारण तंबूंचे संडास कुठे आहेत हा प्रश्न तिथूनच येतो.

पवनेच्या बाजूने बोलायचं तर अंतर. पुण्याहून दीड-दोन तासांत तुम्ही काठावर असता. शनिवारी दुपारी निघून रविवारी जेवायला घरी, तेही लहान मुलं आणि आजी-आजोबांसकट. जेवणात मावळचा इंद्रायणी भात असतो. सोयीला तोड नाही. पण याच सोयीमुळे काठ भरत गेला आहे. उतार कापून बंगल्यांचे प्लॉट पाडले, की पहिल्या मोठ्या पावसात सुटा मुरूम आणि लाल माती ओढ्यातून थेट धरणात येते. गवत नि झुडपं असलेला उतार पाणी धरून ठेवतो, कापलेला उतार ते सोडून देतो. जुलैत ओढा तळ्याला मिळतो तिथे तांबूस पट्टा दिसला, तर वर कुठेतरी ताजं खोदकाम आहे असं समजा.

तरीही माझ्यापुरता निकाल लागला तो आवाजावर.

रात्री पाण्यालगतची हवा थंड होते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो. मध्ये झाड नाही, घर नाही, आणि सपाट पाणी आवाज शोषतही नाही. समोरच्या काठावरचा स्पीकर उशाशी लावल्यासारखा ऐकू येतो, गाण्याचे शब्दसुद्धा कळतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, पण शनिवारी पवनेच्या काठावर तो नियम जाणवत नाही. तुमचा तंबूवाला कितीही सज्जन असो, पलीकडच्या काठाचं बटण त्याच्या हातात नसतं. वाटीसारख्या तळ्यात एकाने आवाज केला की सगळ्यांनी ऐकायचा. मधल्या वारी गेलात तर चित्र पुष्कळ बरं असतं, हे मान्य करायला हवं.

भंडारदऱ्याला मुंबईहून घोटीमार्गे चार-साडेचार तास लागतात, पुण्याहून राजूरमार्गे त्याहून थोडे जास्त. एवढं अंतर कापून फक्त नाचायला फारसं कुणी येत नाही. शिवाय भोवताली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वनविभागाचा नाका आहे, आणि तळं लांबट असल्याने आवाज एकाच वाटीत घुमत नाही. धरणाच्या भिंतीजवळ, शेंडी गावात, गजबज असतेच. म्हणून रतनवाडी किंवा साम्रदची बाजू घ्यावी. अमृतेश्वराचं मंदिर, रतनगडाची वाट आणि सांदण दरी तिकडेच. मोबाइलला रेंज धड मिळत नाही. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्यावं.

भंडारदराही शाबूत राहिलाय असं नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी गाड्यांची रांग लागते. नर काजवा लुकलुकतो, मादी त्याला उत्तर देते, आणि हेडलाइट किंवा मोबाइलच्या टॉर्चच्या झोतात हे बोलणंच बंद पडतं. मादी अंडी घालते ती जमिनीत किंवा पालापाचोळ्यात, म्हणून हिरडा-सादड्याच्या बुंध्याशी जाऊन उभं राहिलं तरी पुढच्या वर्षीचे काजवे तुडवले जातात. त्या पंधरवड्यात शनिवार-रविवार जाऊच नये असं मला वाटतं. गेलातच तर गाडीचे दिवे बंद करून वाटेवरूनच पाहावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने दोन्हीकडे उत्तम. बुकिंगच्या आधी फोनवर इतकं विचारा: संडास पाण्यापासून किती लांब आहे आणि शोषखड्डा आहे की बंद टाकी? मुरमात खणलेला खड्डा काठाला लागून असेल तर त्यातलं पाणी झिरपून तळ्यातच जातं. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा नंबर लावा. शेकोटीचं लाकूड कुठून येतं हेही विचारा. अभयारण्यात तोडलेल्या फांद्यांवर हात शेकण्यापेक्षा दोन जाड पांघरुणं नेलेली बरी, कारण डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो.

एकच रात्र हाताशी असेल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील, तर पवना चुकीचं म्हणणार नाही, फक्त मंगळवार-बुधवार गाठा. दोन रात्री निघत असतील तर मात्र मी रतनवाडीच सांगेन. तिथे ज्या घरी जेवण सांगाल त्यांना दुपारीच कळवा. भाकरी, पिठलं आणि मिळाला तर अकोले तालुक्यातला काळभात, हे सगळं चुलीवर होतं आणि त्याला वेळ लागतो.